व्हीजेइंग शिकताना आधी हात बसवायचा, सॉफ्टवेअर नंतर

प्रश्न थोडक्यात असा: व्हिडिओ एडिटिंग बऱ्यापैकी येतं, लॅपटॉप आहे, आता डीजेसोबत किंवा बँडच्या मागे लाइव्ह व्हिज्युअल्स वाजवायची आहेत. सॉफ्टवेअर कोणतं शिकावं, क्लिप्स किती जमवाव्यात, आणि घरी करून पाहिलं तेव्हा चित्र गाण्याला चिकटलं का नाही, नुसतं मागे चालत का राहिलं?

यातला तिसरा प्रश्न मुख्य आहे. तो सुटला की पहिले दोन आपोआप लहान होतात. एडिटिंगमध्ये टाइमलाइन थांबवता येते, कट दोन फ्रेम मागे सरकवता येतो. लाइव्हमध्ये क्षण गेला की गेला. पुढे काय येणार हे कानाने ओळखायचं आणि दोन बार (चार बीटचा एक बार) आधी बोट योग्य जागी नेऊन ठेवायचं, यातच सगळी मेख आहे. म्हणून एडिटिंग येणाऱ्या माणसाला इथे जे नव्याने शिकावं लागतं ते बहुतेक कानाचं आणि बोटांचं असतं, डोळ्यांचं कमी.

सॉफ्टवेअरचं चटकन उरकू. लेयरवर क्लिप टाकून वाजवायच्या पद्धतीचं एक घ्या. रेझोल्यूम अ‍ॅव्हेन्यू विंडोज आणि मॅक दोन्हींवर चालतं आणि चाचणी आवृत्तीत चित्रावर वॉटरमार्क येतो, पण सरावाला ती पुरते. अरीना ही त्याचीच मोठी आवृत्ती. तिच्यात मॅपिंग (भिंत किंवा वस्तूच्या आकारात चित्र बसवणं) आणि दोन प्रोजेक्टरच्या कडा जुळवायची सोय आहे, पहिल्या वर्षी तिची गरज पडत नाही. मॅकवाल्यांना व्हीडीएमएक्सही चांगलं. टचडिझायनरची बिगर-व्यावसायिक आवृत्ती फुकट आहे, आउटपुट १२८० बाय १२८० पिक्सेलपर्यंत मिळतं. पण टचडिझायनर म्हणजे वाद्य बनवायचा कारखाना आहे. तिथून सुरुवात करणारे नोड (कामाचे छोटे ठोकळे) जोडत बसतात आणि वाजवायचं राहूनच जातं. कोड आवडत असेल तर ऑलिव्हिया जॅक यांचं हायड्रा ब्राउझरमध्येच चालतं, आणि फीडबॅक म्हणजे काय हे त्यात दोन ओळींत समजतं. एक निवडा आणि सहा महिने बदलू नका.

आता क्लिप्स. नव्या माणसाचा सेट अडखळतो तेव्हा लॅपटॉपला दोष दिला जातो, पण चूक बहुधा कोडेकची, म्हणजे व्हिडिओ दाबून साठवायच्या पद्धतीची असते. मोबाइलमधून किंवा इंटरनेटवरून आलेली फाइल बहुतेक वेळा एच.२६४ मध्ये असते. त्यात पूर्ण चित्र अधूनमधूनच साठवलेलं असतं, मधल्या फ्रेम्समध्ये फक्त बदल. अशा दोन पूर्ण चित्रांमधलं, म्हणजे कीफ्रेममधलं अंतर २५० फ्रेम्सपर्यंतही असू शकतं. सिनेमा सरळ बघताना याने काही बिघडत नाही. पण तुम्ही क्लिप मध्येच सुरू करणार, उलटी फिरवणार, बीटवर मागे उडी मारणार. प्रत्येक उडीला संगणकाला मागच्या कीफ्रेमपासून सगळं पुन्हा उलगडत यावं लागतं, आणि तेवढ्यात बीट निघून जातो. उलटी चाल तर त्याला सर्वांत जड.

यावर उपाय म्हणजे हॅप किंवा रेझोल्यूमचा डीएक्सव्ही हे कोडेक. यांत प्रत्येक फ्रेम स्वतंत्र असते आणि उलगडण्याचं काम ग्राफिक्स कार्ड करतं. याची किंमत डिस्कला मोजावी लागते. साध्या हॅपमध्ये प्रत्येक पिक्सेलला अर्धा बाइट लागतो, म्हणजे १९२० बाय १०८० ची एक फ्रेम साधारण १ एमबी आणि सेकंदाला ३० फ्रेम्स धरल्या तर ३१ एमबी. हॅप क्यू दुप्पट घेतं, सुमारे ६२ एमबी. (वर थोडं आणखी कॉम्प्रेशन असतं, त्यामुळे प्रत्यक्षात आकडा याहून कमी भरतो, पण हिशेब वरचाच धरावा.) तीन लेयर हॅप क्यूचे एकदम चालले तर सेकंदाला १८० एमबीच्या पुढे गेलात. फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कला हे झेपत नाही, एसएसडीला सहज जमतं. पेनड्राइव्हवरून थेट वाजवू नका. ग्रेडियंटवर पट्टे दिसू लागले तर ते साध्या हॅपचं लक्षण आहे, तेवढी क्लिप हॅप क्यूमध्ये काढा. पारदर्शक भाग हवा असेल तरच अल्फाची आवृत्ती वापरा. लांबी-रुंदीला ४ ने भाग जाईल असं बघा आणि आवाजाचा ट्रॅक काढून टाका. एफएफएमपेग या फाइल बदलायच्या फुकट साधनाने अख्खं फोल्डर रात्रीत बदलून होतं.

फ्रेम रेट ३० किंवा ६० ठेवा. पडदा सेकंदाला ६० वेळा ताजा होतो. २५ ची क्लिप त्यावर टाकली तर काही फ्रेम दोनदा दिसतात, काही तीनदा, आणि आडवी सरकणारी रेघ लंगडत चालते. ग्राफिक कार्ड कितीही महाग आणा, ही लंगड जात नाही.

किती क्लिप्स? चाळीस पुरे. आठ सेकंदांची हॅप क्यू क्लिप जास्तीत जास्त अर्धा जीबी, म्हणजे सगळा साठा वीस जीबीत बसतो. हजार क्लिप्स असलेला माणूस सेटभर फोल्डर चाळत असतो आणि त्याचं डोकं पडद्याकडे नसतं. चाळीसांत दहा अशा हव्यात ज्यांत जवळपास काहीच घडत नाही: संथ धूर, एक रेघ, पाण्याचा पोत. नवशिक्याच्या फोल्डरमध्ये नेमक्या याच नसतात. सगळ्याच क्लिप्स टाळ्या मागणाऱ्या असल्या की एकीवर दुसरी चढवली की नुसता गोंधळ दिसतो. दुसऱ्याचं फुटेज घेणार असाल तर प्रत्येक फाइलचा परवाना वेगळा तपासा, ऑनलाइन अर्काइव्हवर ठेवलेलं सगळंच मुक्त नसतं.

आता चित्र गाण्याला न चिकटण्याचं कारण. क्लिप बीटच्या मापात कापलेली नसते. १२० बीपीएमला (मिनिटाला १२० बीट) एक बीट अर्ध्या सेकंदाचा, ३० फ्रेम्सच्या हिशेबाने १५ फ्रेम्स. सोळा बीट म्हणजे चार बार, ८ सेकंद, २४० फ्रेम्स. सगळ्या क्लिप्स याच मापात बनवा आणि सॉफ्टवेअरमध्ये ‘१६ बीट’ म्हणून नोंदवा. मग डीजे १२८ वर गेला की सॉफ्टवेअर क्लिप सुमारे १.०७ पट वेगाने चालवतं आणि शेवट बरोबर बारवर येतो.

लूपमध्ये एका फ्रेमची चूक सगळ्यांकडून होते. समजा एक वर्तुळ २४० फ्रेम्समध्ये एक फेरा घेतं. शून्याव्या फ्रेमवर ० अंश, २४० व्या फ्रेमवर ३६० अंश असे अ‍ॅनिमेशनचे कीफ्रेम लावले. निर्यात करायची ती ० ते २३९. दोनशेचाळिसावी फ्रेम घेतली तर ती आणि पुढच्या फेऱ्याची पहिली फ्रेम अगदी एकच, वर्तुळ क्षणभर थबकतं आणि दर आठ सेकंदांनी डोळ्याला खडा लागतो. शिवाय क्लिप २४१ फ्रेम्सची होते.

क्लिपच्या आतली हालचालही बीटवर पडायला हवी. इथे एडिटिंगची सवय आड येते. सवयीने आपण गती अलगद वाढवून अलगद कमी करतो, त्यामुळे वर्तुळ सर्वांत मोठं होतं ते सातव्या-आठव्या फ्रेमला, म्हणजे दोन बीटच्या मधोमध. कानाला ठोका शून्यावर ऐकू येतो, डोळ्याला पाव सेकंद उशिरा दिसतो. उलट करा: शून्याव्या फ्रेमवर वर्तुळ पूर्ण मोठं, चौदाव्यापर्यंत हळूहळू आकसत जाणारं. आधी ठोका, मग त्याची आस. ढोल वाजतो तो याच क्रमाने.

टेम्पो मिळवायला टॅप बटण आठ-दहा बीट दाबा आणि मग बारच्या पहिल्या बीटवर रीसिंक दाबा. दुसरी पायरी विसरली तर वेग बरोबर पण सम चुकलेली, आणि प्रेक्षकाला ते सांगता आलं नाही तरी खुपतं. डीजेच्या यंत्रातून मिडी क्लॉक, म्हणजे टेम्पोचा संकेत, मिळत असेल (ती एका बीटला २४ पल्स देते) किंवा दोन्ही यंत्रं एकाच नेटवर्कवर एबलटन लिंकने (टेम्पो जुळवून ठेवणारी सोय) जोडता येत असतील तर हे कष्ट वाचतात. बँडमध्ये माणूस ड्रम वाजवत असेल तर लय श्वास घेते, तिथे सिंक बंद करून पॅडवर हाताने ठोका द्यावा. घड्याळाला बांधलेलं चित्र जिवंत ड्रमरच्या मागे दोन मिनिटांत घसरतं.

कानाचा सराव पडदा बंद ठेवून करायचा. कोणतंही नाचाचं गाणं लावा आणि दर आठ बारला टाळी द्या. बहुतेक बदल आठ किंवा सोळा बारच्या सीमेवर येतात. १२८ बीपीएमला आठ बार म्हणजे १५ सेकंद. हे १५ सेकंद न मोजता अंगात आले पाहिजेत, कारण पुढची क्लिप निवडायला तेवढाच वेळ मिळतो.

हातात आठ फेडर (सरकवायच्या पट्ट्या), आठ नॉब आणि थोडे पॅड असलेला साधा मिडी कंट्रोलर पुरतो. पहिले तीन फेडर तीन लेयरच्या अपारदर्शकतेला, शेवटचा मास्टरला, म्हणजे सगळ्या चित्राच्या तेजाला. मास्टर नेहमी एकाच जागी, कारण घाबरल्यावर हात तिथेच जातो. नॉबना फक्त चार गोष्टी द्या: फीडबॅक, वेग, रंग, झूम. बाकीचे मोकळे राहिले तरी चालतील. क्षणिक परिणाम, म्हणजे स्ट्रोब (झगमगती उघडझाप), उलट रंग, ब्लॅकआउट, पॅडवर ‘दाबलं तेवढंच’ या प्रकारात लावा. दाबून चालू, पुन्हा दाबून बंद असा स्ट्रोब कधी ना कधी चालूच राहून जातो. आणि एक खोड लक्षात ठेवा: माउसने लेयर खाली आणला पण फेडर वरच राहिला, तर पुढच्या वेळी फेडरला नुसता स्पर्श झाला की चित्र उडी मारतं. सॉफ्टवेअरमध्ये पिकअप किंवा सॉफ्ट टेकओव्हर नावाची सोय असते. फेडर सध्याच्या किमतीला भिडल्याशिवाय मग काही हलत नाही. ती चालू करा.

लेयर एकमेकांवर टाकताना ब्लेंड मोडचं (दोन लेयर एकमेकांत मिसळायच्या पद्धतीचं) गणित एकदा समजून घ्या, मग अंदाज लागतो. काळा ०, पांढरा १ धरा. दोन मध्यम राखाडी, प्रत्येकी ०.५, ‘अ‍ॅड’मध्ये मिळून १ होतात, म्हणजे सगळं पांढरं. ‘स्क्रीन’मध्ये ०.७५, ‘मल्टिप्लाय’मध्ये ०.२५. अ‍ॅड वापरायचा तो काळ्या पार्श्वभूमीवरच्या बारीक, तेजस्वी गोष्टींना. भरगच्च फुटेजवर अ‍ॅड टाकलं की चित्र जळतं आणि मग लोक प्रोजेक्टरचा काँट्रास्ट शोधत बसतात. खाली पोत, मध्ये आकार, वर एखादी रेघ किंवा अक्षर, आणि तिघांपैकी एकच वेगात हलणारा, एवढी रचना सांभाळली तर बहुतेक गोष्टी जमून येतात.

फीडबॅकवर मात्र वेळ घालवा, सगळ्यात जास्त फळ तिथे आहे. कॅमेरा त्याच्याच पडद्याकडे रोखला की जे होतं तेच सॉफ्टवेअर करतं: आधीची फ्रेम थोडी मोठी करून, थोडी मंद करून नव्या फ्रेमच्या मागे ठेवतं. दर फ्रेमला आकार १.०२ पट आणि तेज ०.९५ पट ठेवून बघा. सेकंदाला ६० फ्रेम्स असतील तर एका सेकंदात प्रतिमा सव्वातीन पट मोठी होते आणि तिचं तेज पाच टक्क्यांच्या खाली जातं, म्हणजे शेपूट साधारण एका सेकंदाची. तेज ०.९८ केलं तर शेपूट अडीच पट लांब होते. १ केलं तर शेपूट विझतच नाही, आणि त्याच्या जरा जरी वर गेलात तर पडदा पांढरा. सगळा खेळ ०.९ ते ०.९९ मध्ये असतो, म्हणून नॉबची पूर्ण फिरत एवढ्याच पट्ट्याला जोडा. सगळा ० ते १ जोडला तर कामाचा भाग शेवटच्या मिलीमीटरभरात येतो.

इथे एक विचित्र दोष दिसतो: शेपूट जवळजवळ विझते पण मळकट राखाडी डाग कायमचा राहतो. हा आठ बिटांचा गोंधळ. तेजाचा आकडा १० असेल तर त्याचा ०.९५ पट ९.५, तो पूर्णांकात बसवताना पुन्हा १०. आकडा खाली सरकतच नाही. टचडिझायनरसारख्या ठिकाणी टेक्स्चर १६ बिट फ्लोट करा, म्हणजे अपूर्णांकही साठतो. ती सोय नसेल तर काळ्याची पातळी किंचित ओढून तो डाग गिळून टाका.

ऑडिओ-रिअ‍ॅक्टिव्ह पर्यायाचा मोह आवरा. बासला झूम बांधला की पहिली पाच मिनिटं मजा येते, मग पडदा आवाजाचा मीटर झालेला असतो. वापरायचाच तर एकाच गोष्टीला, साधारण १५० हर्ट्झच्या खालचा पट्टा घेऊन, उसळी झटपट आणि उतार २०० ते ३०० मिलीसेकंदांचा ठेवून. उतार नसेल तर चित्र थरथरतं. आवाज मिक्सरच्या लाइन आउटमधून घ्या. लॅपटॉपच्या मायक्रोफोनला बास नीट मिळत नाही आणि गर्दीचा आवाज मात्र मिळतो. लाइन जोडल्यावर गुणगुण आली तर मध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर हवा, आवाजवाला तो आनंदाने देतो.

प्रत्यक्ष वाजवताना एक बढत कशी घ्यायची ते बघू. गाणं १२८ वर आहे आणि ठोका जोरात पडायला ८ बार उरलेत. डाव्या हाताने वरचा लेयर पहिल्या चार बारांत हळूहळू खाली. चित्र रिकामं होतंय, वाढत नाहीये. बहुतेक जण इथे उलटं करतात, सगळं वाढवत नेतात आणि ऐन ठोक्याला द्यायला काही उरत नाही. पुढच्या तीन बारांत उजव्या हाताने फीडबॅकचा नॉब वर, उरलेला एकच आकार स्वतःच्याच शेपटीत विरघळू द्यायचा. याच वेळात डावा हात नव्या क्लिपच्या पॅडवर जाऊन थांबतो, दाबत नाही. शेवटच्या बारच्या चौथ्या बीटवर उजव्या हाताने फीडबॅक शून्यावर आणून ब्लॅकआउट दाबायचा, आणि समेवर तो सोडताना डाव्या बोटाने नवी क्लिप. फीडबॅक शून्य करायला विसरलात तर नव्या क्लिपवर जुन्याची राळ उडालेली दिसते आणि कट बोथट होतो. अर्ध्या सेकंदाचा तो अंधार पुढच्या प्रकाशाइतकाच महत्त्वाचा आहे.

चित्र उशिरा पोहोचतंय अशी शंका आली तर मोजा. सॉफ्टवेअर, स्केलर (चित्राचं माप बदलणारं यंत्र) आणि प्रोजेक्टर मिळून तीन फ्रेम्सचा उशीर, सेकंदाला ६० च्या हिशेबाने, म्हणजे ५० मिलीसेकंद. आवाजाला एक मीटर जायला सुमारे ३ मिलीसेकंद लागतात, म्हणजे स्पीकरपासून १५ मीटरवर उभ्या माणसाला दोन्ही जवळपास एकदमच पोहोचतात. त्यामुळे ऐन स्पीकरसमोर उभं राहून सिंकचा निवाडा करू नये. कॅमेऱ्याचं थेट चित्र कॅप्चर कार्डातून आणखी काही फ्रेम्स घेतं, ते ओठांच्या हालचालीऐवजी पोत म्हणून वापरलेलं बरं.

जागेवर गेल्यावर एलईडी वॉल असेल तर मीटर विचारू नका, पिक्सेल विचारा. अर्ध्या मीटरचं चौरस पॅनेल आणि ३.९ मिलीमीटर पिच (दोन पिक्सेलमधलं अंतर) असेल तर एका पॅनेलमध्ये १२८ बाय १२८ पिक्सेल. अशी १२ आडवी आणि ६ उभी म्हणजे १५३६ बाय ७६८, बरोबर दोनास एक. तुमची १६:९ ची क्लिप वरून-खालून कापली जाणार, तेव्हा महत्त्वाचं काही कडांना ठेवू नका. एका पिक्सेलच्या रेघा एलईडीवर तुटक दिसतात, कमीत कमी तीन पिक्सेल जाडी द्या. पूर्ण पांढरा पडदा समोरच्यांचे डोळे दिपवतो, म्हणून वॉलचं तेज अंधारात बसून कमी करून घ्या. प्रोजेक्टरची अडचण उलटी: तो काळा रंग फेकू शकत नाही, त्यामुळे रंगमंचावरचा दिवा पडद्यावर सांडत असेल तर गडद क्लिप्स वाया जातात.

साधी एचडीएमआय केबल दहाएक मीटरपर्यंत भरवशाची. त्यापुढे एसडीआय किंवा फायबरची केबल घ्या. केबल हलली की पडदा काळा होऊन लॅपटॉप रिझोल्यूशनच बदलून बसतो, कारण समोरचं यंत्र नाहीसं झालं असं त्याला वाटतं. मध्ये ईडीआयडी (पडद्याने लॅपटॉपला दिलेली स्वतःची ओळख) धरून ठेवणारं छोटं यंत्र लावलं तर हा प्रकार थांबतो. डिस्प्ले ‘मिरर’ नको, ‘एक्स्टेंड’ हवा. स्लीप, स्क्रीनसेव्हर, नोटिफिकेशन, अपडेट बंद. चार्जर लावलेलाच हवा, बॅटरीवर बरेच लॅपटॉप ग्राफिक्सचा वेग कमी करतात.

स्ट्रोबबद्दल हयगय चालणार नाही. सेकंदाला तीनपेक्षा जास्त झगमगाट फोटोसेन्सिटिव्ह एपिलेप्सी असलेल्यांना झटका आणू शकतो आणि गडद लाल त्यात सर्वांत धोक्याचा. हिशेब सोपा आहे: १२० बीपीएमला दर बीटला एक म्हणजे सेकंदाला दोन, चालेल. अर्ध्या बीटला एक केलं की चार, मर्यादा ओलांडली. पॅडवरच्या स्ट्रोबचा वेग दर बीटला एक असा बांधून टाका, म्हणजे उत्साहात हात वाहवला तरी आकडा वाहवत नाही. प्रवेशद्वारावर सूचना लावायला आयोजकांना सांगा.

सरावाला बारा क्लिप्स घ्या, तासाभराचा अनोळखी मिक्स लावा आणि न थांबता वाजवा. आउटपुट रेकॉर्ड करा, पण त्याच लॅपटॉपवर पूर्ण रिझोल्यूशनने नको, फ्रेम्स गळतील. ७२० पुरे. दुसऱ्या दिवशी आधी आवाज बंद करून बघा: कुठे कंटाळा आला, कुठे एकच परिणाम चारदा आला, ती वेळ कागदावर लिहा. मग आवाज चालू करून त्याच जागा ऐका. बहुतेक ठिकाणी असं दिसेल की गाणं बदललं होतं आणि हात नव्हता, किंवा गाणं स्वस्थ होतं आणि हात उगाच चालला होता. पुढच्या आठवड्यात त्याच बारा क्लिप्स, दुसरा मिक्स. तेरावी क्लिप तेव्हाच घ्या जेव्हा बारांपैकी एखादी महिनाभर वापरलीच गेली नसेल, आणि ती काढूनच.